समुद्रकाठच्या प्रयोगशाळा आणि बिऱ्हाडाचा प्रश्न

परगावी नोकरी लागली की घरात पहिला प्रश्न निघतो तो पगाराचा आणि दुसरा बिऱ्हाडाचा. कोकणातून मुंबईस जाणाऱ्या चाकरमान्यांच्या पिढ्यांनी या दोन प्रश्नांची सांगड फार पूर्वीच घातली होती. गिरणीत नाव लागण्याआधी गाववाल्यांपैकी कोणाच्या खोलीत पथारी टाकायची आणि कोणत्या खानावळीत जेवायचे, हे गावातच ठरलेले असे. त्यामुळे हाती येणाऱ्या वेतनातून घरी मनिऑर्डर किती जाईल, याचाही अंदाज निघताना बांधता येई. आज त्याच महाराष्ट्रातील जीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान वा औषधनिर्माणशास्त्र शिकलेला तरुण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन डिएगोसारख्या शहरी जावयास निघतो, तेव्हा डॉलरमधील वेतनाचा आकडा रुपयांत मांडून घरोघर कौतुकाने सांगितला जातो. बिऱ्हाडाचा प्रश्न मात्र 'तेथे पोचल्यावर पाहू' म्हणून बाजूस ठेवला जातो. तो असा बाजूस ठेवणे किती महागात पडते, हे समजण्यासाठी त्या शहराची घडण पाहिली पाहिजे.

सॅन डिएगो हे अमेरिकेच्या अगदी नैर्ऋत्य कोपऱ्यातील शहर. पश्चिमेस पॅसिफिक महासागर, दक्षिणेस मेक्सिकोची सरहद्द, पूर्वेस डोंगर आणि त्यापलीकडे वाळवंट, उत्तरेस नौसैनिकांचा पेंडलटन हा विस्तीर्ण लष्करी तळ. २०२० च्या जनगणनेनुसार शहराची वस्ती सुमारे १४ लाख आणि सभोवतालच्या जिल्ह्याची सुमारे ३३ लाख. हवा बारमाही सौम्य. आरमाराचे ठाणे आणि विमानांचे कारखाने ही या शहराची जुनी ओळख. चार्ल्स लिंडबर्गने १९२७ साली ज्या विमानातून अटलांटिक महासागर एकट्याने ओलांडला, ते विमान येथेच बांधले गेले. आज मात्र बोस्टन आणि सॅन फ्रान्सिस्कोचा परिसर यांच्या जोडीने जीवविज्ञान-उद्योगाचे अमेरिकेतील एक प्रमुख केंद्र म्हणून त्याचे नाव घेतले जाते.

गायरानावर उगवलेले विज्ञान

हे परिवर्तन आपोआप झालेले नाही. बाजारपेठेच्या अदृश्य हाताला त्याचे सारे श्रेय देणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. स्पॅनिश व मेक्सिकन अमदानीत वसाहतीच्या सामायिक मालकीची म्हणून राखलेली हजारो एकर जमीन पुढे सॅन डिएगो शहराकडे वारशाने आली. महाराष्ट्रातील गायरानाशी तिची तुलना करता येईल. शहराच्या उत्तरेस, टॉरी पाइन्स नावाच्या समुद्राकाठच्या पठारावर, ही जमीन बराच काळ पडून होती. १९५० नंतरच्या दशकात केवळ लष्करी कंत्राटांवर आणि विमान-कारखान्यांवर विसंबून राहणे धोक्याचे आहे, हे शहराच्या धुरीणांना उमगू लागले. या जमिनीचे भाग विज्ञानसंस्थांना द्यावेत, असे धोरण मग आखले गेले.

पोलिओ-प्रतिबंधक लशीचे यश १२ एप्रिल १९५५ रोजी जाहीर झाले आणि जोनास साल्क हे नाव जगभर पोचले. त्यांच्या नियोजित संशोधनसंस्थेस जमीन देण्यास शहराच्या मतदारांनी १९६० साली मतदानाने संमती दिली. इमारतीचा आराखडा लुई कान यांचा. पुढे अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेची वास्तू रचणारे तेच हे स्थापत्यविशारद. याच सुमारास, १९६० साली, कॅलिफोर्निया विद्यापीठाचे सॅन डिएगो येथील पीठ स्थापन झाले. त्यासही शहराची जमीन मिळाली आणि १९६४ साली नौसैनिकांच्या जुन्या नेमबाजी तळाची तीत भर पडली. समुद्रविज्ञानाची स्क्रिप्स संस्था तर १९०३ पासूनच या किनाऱ्यावर काम करीत होती.

येथे एक प्रसंग ध्यानात घेण्याजोगा आहे. विद्यापीठालगतच्या ला होया या श्रीमंत वस्तीत ज्यूंना घरे न विकण्याचा अलिखित संकेत दलालांनी पाळला होता. अशा निर्बंधांच्या करारांची अंमलबजावणी न्यायालयांना करता येणार नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ सालीच दिला होता. परंतु संकेत न्यायालयाला विचारून चालत नाहीत. विद्यापीठासाठी झटणारे समुद्रशास्त्रज्ञ रॉजर रेव्हेल यांनी अखेर निक्षून सांगितले की, विद्यापीठ हवे असेल तर त्यातील ज्यू प्राध्यापकांना राहावयास घरेही द्यावी लागतील. साल्क हे स्वतः ज्यू होते, हे लक्षात घेतले म्हणजे या भांडणातील विसंगती अधिकच उठून दिसते. लस हवी, कीर्ती हवी, पण लस शोधणारा शेजारी नको, अशी ती वृत्ती होती. या शहरात विज्ञानाला जागा आणि वैज्ञानिकाला घर हे दोन प्रश्न प्रारंभापासूनच वेगळे पडले होते, एवढाच याचा मथितार्थ.

१९७८ : एकाच वर्षातील दोन घटना

या शहराच्या अर्थकारणाची दिशा ठरविणाऱ्या दोन घटना १९७८ या एकाच वर्षी घडल्या. पहिली म्हणजे हायब्रिटेक या कंपनीची स्थापना. जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी १९७५ साली केंब्रिज येथे एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तेवढे तयार करण्याची पद्धत शोधून काढली होती. तिच्यासाठी १९८४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. विद्यापीठातील आयव्हर रॉयस्टन हे वैद्यक आणि त्यांचे सहकारी हॉवर्ड बर्नडॉर्फ यांनी या शोधावर रोगनिदानाचा व्यवसाय उभारला. १९८६ साली एली लिली या बलाढ्य औषध कंपनीने हायब्रिटेक विकत घेतली. बड्या कंपनीच्या शिस्तीत न रमलेली माणसे बाहेर पडली आणि त्यांनी एकामागून एक नव्या कंपन्या काढल्या. रॉयस्टन व बर्नडॉर्फ यांचा ज्या आयडेक कंपनीच्या स्थापनेत वाटा होता, तिच्या रिटक्सिमॅब या लिम्फोमा कर्करोगावरील औषधास १९९७ साली मान्यता मिळाली. जनुकीय वाचनाची यंत्रे बनविणारी इल्युमिना १९९८ साली निघाली. सरकारी पैशातून लागलेल्या शोधांचे एकस्व विद्यापीठांना स्वतःकडे ठेवता येईल, असा कायदा १९८० साली झाल्याने या साऱ्याला वेग आला.

दुसरी घटना प्रयोगशाळेतील नव्हे, मतपेटीतील आहे. जून १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी तेरावा प्रस्ताव या नावाने प्रसिद्ध असलेली घटनादुरुस्ती संमत केली. तिच्यानुसार स्थावर मालमत्तेवरील मूळ कर मूल्याच्या एक टक्क्यावर रोखण्यात आला. हे मूल्य १९७५ च्या पातळीवर नेण्यात आले आणि त्यात वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढ करता येणार नाही, असे ठरले. घर विकले गेले तरच नव्याने मूल्यांकन. कल्पनेने एक उदाहरण घेऊ. १९७५ साली ६०,००० डॉलर मूल्याच्या घरावर पन्नास वर्षांनंतरही मूळ कराची आकारणी जेमतेम १,६०० डॉलर होईल. त्याच्याशेजारचे तसलेच घर आज दहा लाख डॉलरला घेणाऱ्यास १०,००० डॉलर भरावे लागतील. रस्ता तोच, दिवे तेच, शाळा तीच. पण नंतर आला म्हणून कर सहापट. साहजिकच जुना मालक घर सोडीत नाही आणि विक्रीस निघणारी घरे थोडी राहतात.

त्यापूर्वी १९७२ साली शहराच्या मतदारांनी किनारपट्टीतील नव्या इमारतींची उंची ३० फुटांवर मर्यादित केली होती. समुद्र सर्वांना दिसावा, हा हेतू वावगा म्हणता येणार नाही. परंतु तीन बाजूंनी समुद्र, सरहद्द आणि लष्करी तळ, चौथ्या बाजूस डोंगर, आणि किनाऱ्यालगत उंच बांधण्यास मनाई, अशा शहरात वाढत्या वस्तीला घरे कोठून मिळणार, याचे उत्तर त्या मतपत्रिकेवर नव्हते.

रिकार्डोचा धडा

डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ साली खंडाचा सिद्धांत मांडला तो शेतजमिनीच्या संदर्भात. जमिनीचा पुरवठा वाढविता येत नाही. म्हणून समाजाची भरभराट होत जाते तसतसा तिचा वाढता हिस्सा खंडाच्या रूपाने जमीनमालकाकडे वाहत जातो, असे त्याचे सार. याच कॅलिफोर्नियात राहून हेन्री जॉर्ज यांनी १८७९ साली प्रगतीबरोबर दारिद्र्य का वाढते, या प्रश्नाची उकल त्याच सूत्राने केली. सॅन डिएगो हे या सिद्धांताचे आजचे प्रात्यक्षिक आहे. साल्क संस्थेला पोलिओ निधीत थेंबे थेंबे साठलेल्या लोकवर्गणीचा आधार होता, विद्यापीठ सरकारी खर्चाने उभे राहिले, संशोधन केंद्र सरकारच्या अनुदानांवर चालले, जमीन तर शहराच्या सामायिक मालकीचीच. या सार्वजनिक गुंतवणुकीतून निर्माण झालेल्या समृद्धीचा मोठा वाटा मात्र ज्यांची घरे आधीपासून तेथे होती, त्यांच्या पदरात पडला.

आकडे बोलके आहेत. जिल्ह्यातील सर्वसाधारण घराची किंमत आज नऊ ते दहा लाख डॉलरच्या घरात आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने डॉक्टरेटनंतरच्या पहिल्या वर्षाच्या संशोधकासाठी २०२४ साली निश्चित केलेली छात्रवृत्ती वर्षाला ६१,००८ डॉलर, म्हणजे महिना ५,०८४ डॉलर होती. रुपयांत ही रक्कम चार लाखांहून अधिक भरते आणि पुण्यातील वा साताऱ्यातील घरी ती ऐकताना डोळे विस्फारतात. पण कर आणि इतर कपाती वजा जाता हाती चार हजारांच्या आसपास उरतात आणि एका शयनगृहाच्या लहानशा घरालाच महिना दोन हजारांहून अधिक डॉलर मोजावे लागतात. उत्पन्नाच्या ३० टक्क्यांहून अधिक खर्च घरावर होत असेल तर ते कुटुंब भाराखाली दबलेले समजावे, असा अमेरिकन सरकारचाच दंडक आहे. या हिशेबाने जगद्विख्यात प्रयोगशाळेतील तरुण शास्त्रज्ञ हा भाराखाली दबलेला माणूस ठरतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सर्व पीठांतील सुमारे ४८,००० संशोधक, साहाय्यक व अध्यापनसेवक संपावर गेले, तेव्हा त्यांच्या मागण्यांच्या मुळाशी घरभाडेच होते.

परिणामी गिरणगावातील गाळ्याचे नवे रूप तेथे पाहावयास मिळते. तिघे-चौघे संशोधक मिळून एक घर भाड्याने घेतात. संसार थाटलेले कर्मचारी जिल्ह्याची हद्द ओलांडून उत्तरेकडील टेमेक्युलासारख्या गावी राहतात आणि दिवसाचे दोन-तीन तास मोटारीत घालवितात. कित्येक कामगार तर सरहद्दीपलीकडे मेक्सिकोतील तिहुआना शहरात बिऱ्हाड करून पहाटे नाक्यावरच्या रांगेत उभे राहतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये सरहद्दीपासून येणारी हलकी रेल्वे विद्यापीठापर्यंत पोचली, हे खरे; पण माणसाला कामाच्या जागी लवकर पोचविणे म्हणजे कामाच्या जागेजवळ घर देणे नव्हे.

एका वेतनाचा संसार

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एका धंद्याच्या अनेक संस्था एका ठिकाणी जमल्या की कुशल माणसांचा साठा तयार होतो आणि त्याचा लाभ सर्वांना मिळतो, हे आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली दाखवून दिले. औषधसंशोधनात अपयश हा नियम आणि यश हा अपवाद असतो. कंपन्या निघतात तशा बुडतातही. अशा धंद्यात पंचक्रोशीत शेकडो प्रयोगशाळा असणे हाच नोकरदाराचा विमा होय. एक कंपनी मिटली तर पलीकडच्या रस्त्यावरील कंपनीत जागा मिळू शकते आणि बिऱ्हाड हलवावे लागत नाही. एकाकी शहरातील मोठ्या पगारापेक्षा हे आश्वासन काही वेळा अधिक मोलाचे असते.

तथापि परदेशातून गेलेल्या माणसाला हा विमा पुरता लागू पडत नाही. एच-वन-बी परवान्यावर काम करणाऱ्याची नोकरी सुटली तर नवा मालक शोधण्यास वा देश सोडण्यास सामान्यतः ६० दिवसांची मुदत मिळते. २०२१ च्या तेजीत भांडवलदारांनी टॉरी पाइन्सच्या आसपास प्रयोगशाळांच्या इमारतींचा सपाटा लावला. पैसा आटल्यावर त्यांतील बरीच जागा रिकामी राहिली आणि अनेक कंपन्यांनी माणसे कमी केली. २०२५ साली केंद्र सरकारने संशोधन अनुदानांस कात्री लावली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये परदेशातून आणावयाच्या नव्या एच-वन-बी कर्मचाऱ्यामागे एक लाख डॉलरचा आकार जाहीर केला. अशा वेळी साठ दिवस पुरतीलच, असे कोण छातीठोकपणे सांगेल?

यापेक्षाही जिव्हाळ्याचा प्रश्न जोडीदाराचा आहे. सॅन डिएगोच्या घरांचे भाव दोघांच्या वेतनावर चालणाऱ्या संसाराच्या ऐपतीने ठरले आहेत. एच-वन-बी धारकाच्या पत्नीस वा पतीस मात्र सहसा नोकरी करण्याची मुभा नाही. कायम वास्तव्याचा अर्ज विशिष्ट टप्प्यावर पोचलेल्यांनाच २०१५ पासून ती मिळू शकते. त्या अर्जांत कोणत्याही एका देशाचा वाटा सात टक्क्यांहून अधिक असू नये, या मर्यादेमुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षे लांबत जाते. बाजार दोन वेतनांचे भाडे मागतो आणि कायदा एकाच वेतनाची परवानगी देतो. या कात्रीत सापडते ती बहुधा येथे शिक्षिका, बँक-कर्मचारी वा संशोधक म्हणून स्वतःच्या पायावर उभी असलेली पत्नी. तिच्या सुटलेल्या नोकरीचे मोल डॉलर-रुपयांच्या त्या पहिल्या कौतुकाच्या हिशेबात कोणीही धरलेले नसते.

म्हणून जावे की न जावे, याचा निर्णय पगाराच्या आकड्यावरून करणे चुकीचे आहे. भाडे वजा जाता काय उरते, जोडीदाराला काम करता येईल काय, नोकरी सुटल्यास परवान्याची मुदत किती, आणि ज्या संस्थेत जावयाचे ती कर्मचाऱ्यास राहण्याची सोय करते काय, हे चार प्रश्न आधी विचारले पाहिजेत. विद्येच्या ओढीने जाणाऱ्यास साल्क वा स्क्रिप्स येथील दोन-तीन वर्षे जन्मभराची शिदोरी देऊन जातील यात शंका नाही. मात्र शिदोरी आणण्यासाठी जाणे आणि शिल्लक टाकण्यासाठी जाणे हे दोन वेगळे बेत आहेत, आणि आपला बेत कोणता, हे निघण्यापूर्वी ज्याने त्याने घरच्यांना स्पष्ट सांगितलेले बरे.

या किनाऱ्यासाठी बोध

हा धडा केवळ परदेशी जाणाऱ्यांपुरता नाही. औषध-उद्योग भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरही आहे. गोव्यात वेर्णा येथे नामवंत औषध कंपन्यांचे कारखाने आहेत. रायगडमधील महाड आणि रत्नागिरीतील लोटे-परशुराम येथे रसायने व औषधांचा कच्चा माल तयार होतो. तेथे संशोधन आणि येथे प्रामुख्याने उत्पादन, हा फरक मोठा आहे. पण जमिनीचे गणित दोन्हीकडे सारखेच. औद्योगिक वसाहतीचा नकाशा आखताना भूखंड, पाणी, वीज आणि रस्ते यांची तरतूद होते. कामगाराच्या घराचा प्रश्न मात्र आसपासच्या गावांवर सोपविला जातो. गोव्यात तर सुट्टीपुरत्या घरांसाठी बाहेरून येणाऱ्या पैशाशी कारखान्यातील तंत्रज्ञाला भाड्याच्या बाजारात स्पर्धा करावी लागते.

१९२० नंतरच्या दशकात मुंबई सरकारने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे बीडीडी चाळी बांधल्या. १६० चौरस फुटांची ती खोली कोणाच्याही स्वप्नातील घर नव्हते. परंतु कामगाराला कामाच्या जवळ जागा देणे हे सरकारचे कर्तव्य आहे, एवढे तत्त्व तीत मान्य झाले होते. शंभर वर्षांनंतर, त्याहून कितीतरी अधिक संपत्ती निर्माण करणाऱ्या उद्योगासाठी धोरणे आखताना त्या तत्त्वाचा विसर पडावा, हे शोभणारे नाही. उद्योगाला सार्वजनिक जमीन द्यावयाची असेल, तर तिचा ठरावीक भाग कर्मचाऱ्यांच्या भाड्याच्या घरांसाठी राखून ठेवण्याची अट पहिल्याच करारात घातली पाहिजे. जमिनीचे भाव चढल्यानंतर ती अट घालणे किती अवघड होऊन बसते, हे सॅन डिएगोने दाखविले आहे. सामायिक जमीन प्रयोगशाळांना देऊन टाकल्यावर साठ वर्षांनी ते शहर आता एकेका परसात जोडखोली बांधू देऊन घरांची तूट भरून काढू पाहत आहे.